सोळाव्या वर्षीचा हिशेब

(विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

लोकमान्य टिळकांच्या विद्यार्थिदशेविषयी बोलायचे म्हटले की शेंगांची टरफले पुढे येतात आणि विषय तेथेच संपतो. ती गोष्ट बाणेदारपणाची आहे, सांगायला सोपी आहे आणि वक्तृत्व स्पर्धेत तिला टाळ्या हमखास मिळतात. पण याच मुलाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षातली दुसरी एक हकिकत आहे. ती चरित्रग्रंथांत आलेली आहे, जाणकारांना ठाऊकही आहे; तरी १ ऑगस्टच्या पुण्यतिथीला व्यासपीठावरून ती क्वचितच सांगितली जाते. कारण उघड आहे. या हकिकतीत टिळक परीक्षेत नापास होतात.

आज समोर दहावी-बारावीचे विद्यार्थी बसलेले आहेत आणि त्यांच्या शेजारी, त्यांच्याहून अधिक काळजीत असलेले त्यांचे आई-वडील. अशा सभेत नापास होण्याचे नावही काढू नये, असा संकेत आहे. तो संकेत आज थोडा मोडावा लागेल. कारण त्या एका वर्षात सोळा वर्षांच्या मुलाने आपल्या शरीराचा आणि बुद्धीचा जो ताळेबंद मांडला, तो नापास झाल्याचा उल्लेख गाळून समजत नाही.

बुद्धीला खुराक, देहाला उपास

बळवंतराव गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते, संस्कृतचे व गणिताचे जाणकार होते, पाठ्यपुस्तके लिहीत. अशा घरात मुलाच्या बुद्धीची मशागत कशी होणार, हे वेगळे सांगायला नको. एक श्लोक पाठ केला की एक पै बक्षीस, अशी त्या घरातली रीत सांगतात. मुलाने बाणभट्टाची कादंबरी वाचायला मागितली, तेव्हा वडिलांनी आधी एक अवघड गणित घातले आणि ते सुटल्यावरच पोथी हाती दिली, हीही आख्यायिका प्रसिद्ध आहे. बक्षीस म्हणून मिठाई न मागता कादंबरी मागणारा मुलगा, आणि कादंबरी देण्यापूर्वी गणित घालणारा बाप! त्या काळच्या मध्यमवर्गीय कोकणस्थ घराचे याहून नेमके चित्र काढता येणार नाही.

या सगळ्यात शरीर कोठेच नव्हते. मुलगा प्रकृतीने किरकोळ होता. घर १८६६ साली पुण्यास आले आणि त्याच वर्षी आई, पार्वतीबाई, वारल्या. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. पुढे काका-काकूंच्या मायेत तो वाढला. १८७१ साली, त्या काळच्या रूढीप्रमाणे, पंधराव्या वर्षी त्याचे लग्न झाले. ३१ ऑगस्ट १८७२ रोजी वडील गेले. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, डिसेंबरात, त्याने मॅट्रिकची परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झाला. १८७३ च्या आरंभी तो डेक्कन कॉलेजात दाखल झाला.

या तारखा एकापुढे एक ठेवून पाहाव्यात. आई नाही, वडील नाहीत, घरात लहान वयाची पत्नी आहे, आणि डोळ्यांपुढे लांबलचक शिक्षणाचा रस्ता आहे. आजच्या काळात एखाद्या मुलावर असा प्रसंग आला, तर शाळेतील समुपदेशक त्याला आपणहून बोलावून घेतील. १८७३ मध्ये ती सोय नव्हती. मन आजारी पडू शकते आणि त्यालाही उपचार लागतात, ही कल्पनाच तेव्हाच्या घरांतून रुजलेली नव्हती. मुलाला जे करायचे ते स्वतःच्या विचाराने करायचे होते.

नदीकाठचे वर्ष

डेक्कन कॉलेजची येरवड्याच्या बाजूची दगडी इमारत १८६८ पासून वापरात आली होती. शहरापासून दूर, भोवती झाडी, जवळच मुळा-मुठेचे पात्र. विद्यार्थी बहुतेक वसतिगृहात राहत. इंग्लिश कवी वर्ड्स्वर्थ यांच्याच घराण्यातले वर्ड्स्वर्थ तेथे प्राचार्य होते, तर गणित शिकवायला केरूनाना छत्रे यांच्यासारखा गुरू होता. बुद्धिमान मुलाला स्वर्गच म्हणायचा. त्याने या स्वर्गात शिरून पहिले काय केले, तर अभ्यास बाजूला ठेवला.

भोवतालची मुले आणि आपण यांची त्याने तुलना केली असावी. बायको अंगापिंडाने आपल्याहून बरी आहे, यावरून मित्र थट्टा करीत, असेही सांगतात. सोळा वर्षांच्या पोराला ती थट्टा किती लागत असेल, हे या सभेतल्या सोळा वर्षांच्या मुलांना सांगावे लागणार नाही. पण थट्टेने चिडून चार दिवस जोर मारणे वेगळे आणि वर्षाचा बेत आखणे वेगळे. या मुलाने बेत आखला. हे पहिले वर्ष शरीरासाठी. अभ्यासाचे नंतर पाहू, असा तो सरळ बेत होता.

सकाळी तालीम. जोर, बैठका, कुस्ती. नंतर नदीत पोहणे. संध्याकाळी नाव वल्हवणे किंवा दुसरा एखादा मैदानी खेळ. दाजी आबाजी खरे यांच्यासारखे मित्र बरोबर असत. व्याख्यानांना हजेरी यथातथाच. भूक वाढली, खाल्लेले अंगी लागू लागले, छाती भरली, दंड भरले. पोहण्यात तो इतका तरबेज झाला की पाण्यावर उताणा पडून पुष्कळ वेळ नुसता तरंगत राहत असे. वर्ष संपले तेव्हा आरशातला मुलगा बदललेला होता आणि परीक्षेच्या यादीत त्याचे नाव नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. टिळक नापास झाले म्हणून आपणही झालो तर काय बिघडले, असा आधार यातून काढणारे विद्यार्थी प्रत्येक सभेत दोन-चार असतातच. त्यांनी पुढची इयत्ताही पाहावी. दुसऱ्या वर्षापासून हाच मुलगा अभ्यासाला बसला. नेमलेल्या पुस्तकांवर न थांबता तो विषयाच्या मुळापर्यंत वाचत गेला, गणिते पाटीवर मांडण्यापेक्षा डोक्यात सोडवण्याकडे त्याचा ओढा राहिला. १८७६ साली तो पहिल्या वर्गात बी.ए. झाला आणि १८७९ साली एल्‌एल्.बी. सर्व मिळून वर्ष एकच मागे पडले. त्याच्या लेखी ते वाया गेलेले नव्हते. बुद्धीच्या खात्यावर पंधरा वर्षे जमा होत राहिले आणि शरीराच्या खात्यावर काहीच नाही, तेव्हा एक वर्ष त्या खात्यावर वळते केले, इतकाच त्याचा अर्थ.

समतोल या शब्दाचा आपण फार गुळगुळीत अर्थ करून ठेवला आहे. इतके तास अभ्यास, इतके तास खेळ, इतकी मिनिटे ध्यान. भिंतीवर रंगीत तक्ता लावला की समतोल साधला. त्या मुलाचा समतोल तक्त्यातला नव्हता. आपल्यात काय कमी आहे ते त्याने ओळखले, ती उणीव भरून काढायला काय पडेल ती किंमत मोजली, आणि उणीव भरल्यावर तो तेथे रेंगाळला नाही. पैलवान व्हायचे नव्हते, त्यामुळे दुसरे वर्षही आखाड्यात घालवावे असे त्याला वाटले नाही. एका वर्षाने थांबणे हे सुरू करण्याइतकेच महत्त्वाचे आहे. हल्ली व्यायामशाळेत जाणारी काही मुले अभ्यास, घर, मित्र सारे विसरून दंडाचा घेर मोजत बसतात, डब्यांतली प्रथिनांची भुकटी घरच्या जेवणाऐवजी खातात. त्यांना पुस्तकी किड्याची दुसरी बाजू म्हणावे लागेल.

आपल्या आयुर्वेदाने याबाबतीत फार शहाणा दंडक घालून दिलेला आहे. सुश्रुत आणि वाग्भट दोघेही सांगतात की व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा. दम लागून श्वास तोंडावाटे होऊ लागला की अर्धी शक्ती खर्च झाली, असे त्याचे लक्षणही त्यांनी दिले आहे. उरलेली अर्धी शक्ती बाकीच्या जगण्यासाठी आहे, हे त्यात गृहीत आहे. काटेकोरपणे पाहिले तर डेक्कन कॉलेजातले ते वर्ष या दंडकात बसत नाही. ते एकांगीच होते. पण ज्याची पहिली पंधरा वर्षे दुसऱ्या अंगाने एकांगी गेली, त्याने हे केले. तशी वेळ ज्यांच्यावर आलेली नाही, त्यांनी रोजचा एक तासच बरा.

दुःखाविषयीही दोन शब्द बोलायला हवेत. पितृवियोगाला वर्षही झालेले नसताना मुलगा पहाटे उठून आखाड्यात जातो, दुपारी नदीत उतरतो, चार सवंगड्यांत हसतो-खिदळतो. त्याने हे मनाच्या उपचारासाठी केले, असे म्हणणे म्हणजे आजची भाषा त्या काळाच्या तोंडी घालणे होईल. परंतु शरीराला नियमित श्रम, रात्रीची गाढ झोप, उघडी हवा आणि बरोबरीच्या मुलांची संगत यांचा खचलेल्या मनाला काय उपयोग होतो, हे आज वैद्यकशास्त्राने पुरेसे तपासले आहे. सौम्य व मध्यम स्वरूपाच्या नैराश्यात नियमित व्यायामाने लक्षणे कमी होतात, यावर आता फारसा वाद राहिलेला नाही. मुलाचा बेत देहासाठी होता. त्याचा लाभ मनालाही झाला असेल, तर त्यात नवल नाही.

औषधाच्या बाटल्या आणि आगरकर

वसतिगृहातल्या टिळकांच्या कित्येक आठवणी सहाध्यायांनी सांगितलेल्या आहेत. सदाशिव विनायक बापट यांनी संपादित केलेल्या ‘आठवणी व आख्यायिका’ या संग्रहाच्या तीन खंडांत अशा हकिकतींचा मोठा साठा आहे. ‘ब्लंट’ आणि ‘डेव्हिल’ ही त्यांची तेव्हाची टोपणनावे. एक नाव फटकळपणामुळे, दुसरे खोड्यांमुळे. सतत औषधाच्या बाटल्या उराशी बाळगणाऱ्या मुलांची ते खिल्ली उडवीत, प्रसंगी बाटल्या खिडकीबाहेर फेकीत आणि तालमीत चल म्हणून ओढून नेत, असे सांगतात. गोष्ट वाचताना हसू येते. अनुकरण मात्र करू नये. त्या बाटल्यांत बहुधा जाहिराती वाचून आणलेली शक्तिवर्धके असत. आज एखाद्या मुलाच्या खणात मनोविकारतज्ज्ञाने दिलेल्या गोळ्या सापडल्या आणि घरातल्या वडीलधाऱ्याने ‘हे कसले चोचले, सूर्यनमस्कार घाल’ म्हणून त्या फेकल्या, तर तो अपराध होईल. व्यायाम ज्याच्या कामाचा आहे त्याला व्यायाम, गोळी ज्याच्या कामाची आहे त्याला गोळी, आणि कित्येकांना दोन्ही. ते ठरवायचे डॉक्टरांनी. पूर्वजांचे मोठेपण त्यांच्या प्रत्येक कृतीची नक्कल करून सिद्ध होत नसते.

दुसरीही एक बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. टिळकांच्या बरोबरीने त्याच कॉलेजात शिकलेले, त्यांच्याहून केवळ नऊ दिवसांनी मोठे असलेले गोपाळ गणेश आगरकर यांना हे असे वर्ष मिळणे शक्य नव्हते. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावातून आलेला तो मुलगा विलक्षण गरीब होता. एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, ही त्यांची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. अशा मुलाला स्वखुशीने एक वर्ष मागे पडणे परवडत नाही. टिळकांच्या मागे काकांचे घर उभे होते. आगरकरांना स्वतःच्या शिक्षणाचा पैसाही स्वतःच उभा करावा लागला. पुढे दम्याने त्यांना जन्मभर छळले आणि १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद सांभाळत असताना ते गेले. त्यांचे आणि टिळकांचे सहकारी विष्णुशास्त्री चिपळूणकर तर १८८२ साली अवघ्या एकतिसाव्या वर्षी निवर्तले होते. न्यू इंग्लिश स्कूल, ‘केसरी’, डेक्कन एज्युकेशन सोसायटी, ही सारी उभारणी ज्या थोड्या माणसांनी केली, त्यांतली ही दोघे.

म्हणून सुदृढ शरीर असेल तरच मन बलवान असते, असले सुभाषित आगरकरांच्या चरित्रासमोर टिकत नाही. दम्याने धाप लागत असताना त्यांनी ‘सुधारक’ चालवला, आणि समाजाशी झगडण्याचे जे मानसिक बळ त्यांनी दाखवले, ते कोणत्याही आखाड्यात मिळत नाही. आजारी असणे हा कोणाचा दोष नव्हे. प्रश्न उरतो तो एवढाच, की शरीर दुरुस्त करण्याची संधी आहे, घराचा आधार आहे, वय आहे, आणि तरीही आपण ती संधी मुलांना नाकारतो, ते का?

मंडालेचा तुरुंग

डेक्कन कॉलेजातल्या वर्षाचा आणि मंडालेच्या तुरुंगवासाचा संबंध चरित्रकारांनी जोडलेला आहे, आणि तो जोडण्यासारखाच आहे. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि सुमारे वर्षभराने सुटका झाली. तिसऱ्या खेपेला, २२ जुलै १९०८ रोजी, बावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री, सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती साध्या कैदेत बदलली आणि त्यांना ब्रह्मदेशात मंडाले येथे ठेवण्यात आले. मंडालेचा उन्हाळा भाजून काढणारा. अंगात मधुमेह. इन्सुलिनचा शोध त्यांच्या मृत्यूनंतर, १९२१ साली लागला. तेव्हा मधुमेह्याच्या हातात पथ्याखेरीज काही नव्हते.

तेथे त्यांनी काय केले? आहार काटेकोर ठेवला, दिनक्रम बांधून घेतला, वाचन चालू ठेवले, जर्मन आणि फ्रेंच शिकले, आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात सुमारे पाच महिन्यांत, पेन्सिलीने, ‘गीतारहस्य’ लिहून काढले. गीतेच्या सहाव्या अध्यायात जो विचार आहे, की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, फार झोपणाऱ्याला नाही आणि जागरण करणाऱ्यालाही नाही, तो त्यांनी ग्रंथात मांडण्यापूर्वी जेवणाच्या ताटात आणि दिवसाच्या वेळापत्रकात आणलेला होता.

जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. तार मंडालेला पोहोचली. संकटे शांतपणे सोसण्याची आपली सवय आहे, तरी या बातमीने आपण हादरलो, अशा आशयाची कबुली त्यांनी त्या वेळच्या पत्रात दिलेली आहे. ज्या माणसाला सारा देश पोलादी म्हणून ओळखत होता, त्याने हादरल्याचे लिहून ठेवले, याकडे घरोघरच्या वडिलांनी विशेष लक्ष द्यावे. ‘मुलगा असून रडतोस काय?’ हे वाक्य आपल्या घरांत अजून फार सहज उच्चारले जाते.

अर्थात सोळाव्या वर्षी कमावलेले शरीर बावन्नाव्या वर्षापर्यंत जसेच्या तसे टिकत नाही. मधुमेह त्यांना टळला नाही, आणि कामाच्या रेट्याने प्रकृतीची हेळसांड झाली ती झालीच. १ ऑगस्ट १९२० रोजी, चौसष्टाव्या वर्षी, मुंबईत सरदारगृहात त्यांचे देहावसान झाले. त्या वर्षाने त्यांना अमरपट्टा दिला नाही. शरीर ही काळजी घेण्याची वस्तू आहे, बिघडले तर आपल्या हाताने काही प्रमाणात सावरता येते, ही जाणीव दिली. आणि ती मंडालेत कामी आली.

आपल्या घरातले सोळावे वर्ष

आता आपल्या घरांकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी साठ मिनिटे बऱ्यापैकी दमवणारी शारीरिक हालचाल हवी. २०१६ पर्यंतच्या आकडेवारीवर आधारलेला जो जागतिक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात ११ ते १७ वयोगटातल्या जगातल्या ८१ टक्के मुलांना एवढी हालचाल मिळत नसल्याचे आढळले. भारतात हे प्रमाण सुमारे ७४ टक्के. जगापेक्षा आपण थोडे बरे, यात समाधान मानण्याजोगे काही नाही. चारांतली जवळपास तीन मुले बसून आहेत. मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा वाईट आहे. त्याचे कारण मुलींच्या अंगी आळस अधिक, हे नव्हे. वयात आलेली मुलगी मैदानावर दिसेनाशी होते, कारण घरी तिच्या वाट्याला कामे येतात आणि बाहेर तिला नजरा सोसाव्या लागतात. टिळकांच्या गोष्टीत आखाडाही मुलांचा आणि नदीही मुलांचीच होती. ती मर्यादा त्या काळाची होती. आज ती चालवून घेण्याचे कारण नाही.

मनाचे आकडे अधिक अस्वस्थ करणारे आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे दिसले. साठ मुलांच्या वर्गात अशी चार मुले निघतात. आणि २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात आहे. राज्यवार पाहता त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. आत्महत्येमागे एकच कारण कधी नसते, आणि मैदानावर पाठवले असते तर ही मुले वाचली असती, असे म्हणणे त्यांच्या आई-वडिलांवर अन्याय करणारे ठरेल. परंतु एका परीक्षेच्या निकालापलीकडे आपले काही शिल्लक राहत नाही, असे एखाद्या मुलाला वाटावे, हे वातावरण कोणी निर्माण केले, हा प्रश्न त्या आकड्याखाली उभा आहे.

दहावीचे वर्ष सुरू झाले की घरात पहिला बळी खेळाचा जातो. दूरचित्रवाणी बंद होते ती दोन महिने, भ्रमणध्वनी काढून घेतला जातो तो आठवडाभर. क्रिकेट, खो-खो, पोहणे मात्र कायमचे जाते. पहाटे शिकवणी, दिवसा शाळा, संध्याकाळी पुन्हा शिकवणी, रात्री सराव-प्रश्नपत्रिका. या वयाला रोज आठ ते दहा तास झोप लागते, असे निद्राविज्ञान सांगते. आपली मुले पाच-सहा तासांवर दिवस काढतात आणि त्याचे कौतुकही होते. ‘आमचा दोनपर्यंत जागतो हो’, हे आई ज्या अभिमानाने सांगते, त्या अभिमानाने ‘आमचा रोज तासभर पळतो’ असे सांगताना अजून फारसे कोणी आढळत नाही. झोप तोडून पाठ केलेले झोपेअभावी विसरले जाते, हा साधा व्यवहारही आपण पाहत नाही. व्यापारी असा तोट्याचा धंदा चार दिवसांत बंद करील.

मुलांना येथे एक सांगायचे आहे. सोळा वर्षांचा बळवंत कोणी सांगितले म्हणून आखाड्यात गेला नाही. त्याने स्वतःकडे पाहिले. आपल्यात काय कमी आहे ते आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळत नसते. कोणाची कमतरता शरीराची असेल. तो पायऱ्या चढताना थांबतो. कोणाची मनाची असेल. त्याला शरीराने काही झालेले नाही, पण सकाळी उठावेसे वाटत नाही, आवडते गाणे आवडेनासे झाले आहे, जेवण नकोसे वाटते, आणि हे पंधरा-पंधरा दिवस चालले आहे. त्याने आखाड्याबरोबर माणसाकडेही जावे. आई, बाबा, मामा, मावशी, आवडते शिक्षक, जो कोणी ऐकून घेईल तो. घरात सांगणे जमत नसेल तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक आहे, दूरध्वनीला पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही तो लावता येतो आणि मराठीत बोलता येते. तो क्रमांक आताच लिहून घ्यावा. स्वतःला लागला नाही तर बाकावरच्या शेजाऱ्याला लागेल.

आणि पालकांसाठी एक अगदी लहान काम. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान असावे, असे म्हटलेले आहे. बहुतेक शाळांच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाच्या तासिकाही छापलेल्या असतात. नववी-दहावीत त्या तासिका गणिताच्या किंवा विज्ञानाच्या शिक्षकांना ‘पोर्शन’ संपवण्यासाठी दिल्या जातात, आणि या व्यवहाराला पालकांची मूक संमती असते. कित्येकदा मागणीच पालकांची असते. पुढच्या पालकसभेत घटक चाचणीच्या गुणांची चौकशी झाल्यावर कोणीतरी उभे राहून विचारावे की दहावीच्या वर्गाचा खेळाचा तास कोणत्या वारी असतो, आणि गेल्या महिन्यात तो किती वेळा मैदानावर झाला.